फुल-अप: आधी उभं राहायचं, मग फिरायचं

चीअरलीडिंगमधल्या फुल-अपमध्ये फ्लायर, म्हणजे वर चढणारी मुलगी, जमिनीवरून निघते, वर जाता जाता स्वतःभोवती एक पूर्ण फेरी घेते आणि बेसच्या, म्हणजे खालून उचलणाऱ्या मुलींच्या, ताणलेल्या हातांवर, एका पायावर, पुन्हा समोर तोंड करून उभी राहते. सगळा मामला एक-दीड सेकंदाचा. बघणारे म्हणतात, काय फिरली पोरगी! फिरवणाऱ्या तिघींकडे कोणाचं लक्ष जात नाही. ते जायला हवं, कारण त्या फेरीतला फ्लायरचा वाटा लोकांना वाटतो त्याहून बराच कमी असतो, आणि जो असतो तो भलत्याच ठिकाणी असतो. तो नेमका कुठे, हे अंगात मुरायला मला अख्खा पावसाळा आणि वर ऑक्टोबरचा उकाडा लागला.

मी ठाणे पूर्वेची, कोपरीची. ठाण्यात वाढलेल्या मुलीला माणसांच्या खांद्यांवर चढण्याचं अप्रूप नसतं. २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले तेव्हा मी शाळेत होते, आणि पुढे कितीतरी दिवस आमच्या चाळीतली पोरं जिन्याच्या कठड्यावर चढून सलामी देत होती. दहावीनंतर मी दहीहंडीच्या एका महिला पथकात एक्का, म्हणजे सगळ्यांत वर एकटी उभी राहणारी, झाले. त्यामुळे कॉलेजातली मैत्रीण 'तू वर चढतेस ना, मग ये' म्हणून कोपरखैरण्याच्या हॉलवर घेऊन गेली तेव्हा मी निर्धास्त होते. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून वाशी नाहीतर पनवेल गाडी पकडायची, उतरून चालत पाच-सात मिनिटं. हॉल बॅडमिंटनचा. रविवारी सकाळी आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आम्हाला मिळायचा.

घरी चीअरलीडिंग म्हटल्यावर काकांना २००८ची आयपीएल आठवली. तिची फायनल आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरच झाली होती. 'चौकार गेला की नाचतात, त्या?' नाही काका, त्या वेगळ्या. मूळ एकच, अमेरिकेतलं. १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्याने पुढे होऊन प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेतल्या, तिथून ते सुरू झालं, आणि पहिली बरीच वर्षं ती मुलांचीच मिरासदारी होती. त्यातून पुढे स्पर्धेचा वेगळा खेळ निघाला. अडीच मिनिटांत कोलांट्या, उड्या, स्टंट, पिरॅमिड सगळं बसवायचं. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय चीअर युनियन स्थापन झाली, २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने तिला पूर्ण मान्यता दिली. हे मी आईसमोर पाठ म्हणून दाखवलं. आई म्हणाली, 'मान्यता दिली ना? मग हाड मोडलं तर प्लास्टरही त्यांनाच घालायला सांग.'

आमच्या चौघींत खरी मालकीण मेन बेस. माझा उजवा पाय तिच्या हातात. साइड बेस तिच्यासमोर उभी राहून पायाला आणि मेनच्या मनगटांना आधार देते. मागे बॅकस्पॉट, आमच्यातली सगळ्यांत उंच. आकडे तीच म्हणते, आणि वरची पडलीच तर तिचं डोकं आणि मान वाचवायची जबाबदारी तिची. टीममध्ये आठवड्याभरात खरी नावं मागे पडतात. 'मेन', 'साइड', 'बॅक' याच हाका. बॅक आमच्यापेक्षा मोठी, नोकरी करणारी, म्हणून तिला बॅकताई.

हंडीतला एक्का स्वतःचा तोल स्वतः राखतो. खालचे खांदे एकमेकांत घट्ट अडकलेले आणि शक्य तितके स्थिर. वरच्याने सावकाश गुडघे सरळ करायचे, वाटलं तर खालच्याचं डोकं धरायचं, हात पसरून डुलत डुलत उभं राहायचं. इथे तोल राखणं हे खालच्यांचं काम. मेन माझ्या तळव्याखाली कधी टाचेकडे, कधी चवड्याकडे दाब देत मला सतत सरळ करत असते. तेवढ्यात मीही कंबर हलवून स्वतःला सावरायला गेले, की तिची दुरुस्ती आणि माझी दुरुस्ती एकमेकींवर आदळतात आणि स्टंट पडतो. सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, 'तू वर काही करू नकोस.' ऐकायला सोपं. पाच थरांवर स्वतःच्या जिवावर उभं राहिलेल्या पायांना ते पटवायचं म्हणजे दिव्य.

इथे जरा विषयांतर करते, कारण याच्यावरून मला नातेवाइकांशी फार वाद घालावा लागतो. 'तू काडीसारखी, म्हणून तुला वर चढवतात.' वजनाचा संबंध नाही असं मी म्हणणार नाही, पण तो अर्धाच आहे. अर्धा भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चालून बघा. काठोकाठ भरलेला त्यापेक्षा जड असूनही परवडतो, कारण आतलं पाणी हिंदकळत नाही. सैल फ्लायर तशीच हिंदकळते. आमच्या टीममध्ये माझ्याहून चांगली सहा-सात किलो जास्त असलेली एक फ्लायर आहे, आणि बेसना विचाराल तर त्या तिलाच आधी उचलतील, कारण ती पोटापासून टाचेपर्यंत एकसंध असते. फ्लायरने उपाशी राहण्यापेक्षा पोट आणि कुल्ले आवळून धरायला शिकावं. सरावाआधी काही न खाता येणाऱ्या मुलीला आमचे सर वर चढवतच नाहीत आणि ते योग्यच करतात.

फिरकीचं शिक्षण सगळं जमिनीवर सुरू झालं. उजव्या पायावर उभं राहायचं, डाव्या पायाचा अंगठा उजव्या गुडघ्याला लावायचा, ही झाली लिबर्टी, आमच्या भाषेत लिब. दात घासताना लिब, गाडीची वाट बघताना लिब. मग चवड्यांवर उठून पाव फेरी, अर्धी, पूर्ण. मग गादीवर आडवं पडून, हात छातीशी, पाय जोडलेले, अंग ताठ ठेवून लोळायचं. यात खांदे आणि कंबर एकाच वेळी वळले पाहिजेत. खांदे पुढे आणि कंबर मागे राहिली तर वर गेल्यावर तुम्ही पाऊण फेरीत अडकणार हे गादीवरच कळतं. सर बाजूला उभे राहून फक्त माझ्या कमरेकडे बघायचे, चेहऱ्याकडे कधीच नाही.

त्यानंतर पायऱ्या. आधी पाव फेरी घेऊन बेसच्या खांद्यांच्या उंचीपर्यंत, म्हणजे प्रेपपर्यंत. मग अर्धी. मग प्रेपपर्यंतच पूर्ण. हात पूर्ण सरळ करून वरच्या उंचीवर जाणं सगळ्यांत शेवटी. हे काही आमच्या सरांच्या मनाचं नाही, खेळाच्या नियमांचीच घडण तशी आहे. स्पर्धेच्या कोणत्या पातळीला किती फेरी आणि ती कोणत्या उंचीपर्यंत, हे ठरलेलं असतं आणि खालच्या पातळीच्या टीमने वरची फेरी दाखवली तर गुण कापले जातात. पाव आणि अर्धी फेरी मला झटक्यात आल्या. पूर्ण फेरी मात्र हटून बसली.

त्याचं कारण समजायला मेनच्या हातांकडे बघावं लागतं. सुरुवातीला तिचे हात माझ्या पायाभोवती एकमेकांवरून पीळ घातल्यासारखे असतात. मी फिरत वर जाते तसा तो पीळ सुटत जातो, आणि मी समोर येते तेव्हा तिची पकड आपोआप नेहमीसारखी झालेली असते. म्हणजे फेरी किती आणि कुठल्या बाजूला, हे मी निघण्याआधीच तिच्या मनगटांत भरून ठेवलेलं असतं. बॅकताईचा एक हात माझ्या घोट्यावर, दुसरा कमरेखाली, तीही त्याच दिशेने वळवते. आता यात मी माझ्या अकलेने आणखी जोर लावून फिरले तर पीळ सुटायच्या आत मी पुढे गेलेली असते. मेनच्या हातात उरतो तो वाकडा पाय. दिशाही सगळ्यांची एकच, डावी. मला गिरकी जन्मापासून उजवीकडे सोपी, पण एका फ्लायरच्या सोयीसाठी तीन जणींची मनगटं उलटी शिकवत बसणार कोण? मी डावीकडे शिकले.

त्याहून मोठी अडचण वेळेची. 'वन, टू, डाउन, अप' या आकड्यांत 'डाउन'ला बेस गुडघ्यात बसतात, 'अप'ला उठतात. 'अप' म्हटलं की डाव्या पायाने जमिनीला रेटा देऊन मी उजव्या पायावर सरळ उभी राहायची, जणू जिन्याची उंच पायरी चढतेय. गुडघा पूर्ण सरळ झाला, कंबर पायावर आणि खांदे कमरेवर आले, की मग वळायचं. गुडघा वाकलेला असतानाच वळलं तर शरीराचा मधला दांडाच तिरका होतो. तिरक्या दांड्याभोवतीची फेरी वर जात नाही, बाहेर जाते, आणि साइडला हात पसरून मागे धावावं लागतं. एका सेकंदात आधी उभं राहा आणि मग फिर हे दोन वेगळे टप्पे ठेवायचे म्हणजे चेष्टा नव्हे. शरीराला ते एकदमच करायचं असतं.

एका संध्याकाळी सरांनी वेगळाच प्रकार केला. मला म्हणाले, 'आज तू फिरायचं नाही. फक्त उभी राहा. डोळे समोर, हात छातीशी, आणि फिरण्याचा विचारसुद्धा नको.' मग मेनला आणि बॅकताईला म्हणाले, 'तुम्ही हिला फिरवा.' मी म्हटलं, 'सर, अर्ध्यातच राहीन.' 'राहा ना. अर्ध्यात राहिलीस तर त्यांचं चुकलं, तुझं नाही.' बॅकताईने मागून घोटा दाबला, 'काय गं, विश्वास नाही होय आमच्यावर?' आकडे झाले. मी नुसती उभी राहिले, आणि समोरची भिंत गेली, खिडक्या गेल्या, मागची भिंत गेली, समोरची भिंत परत आली. हात-बित वर करायचं राहूनच गेलं. खाली आल्यावर मेन म्हणाली, 'आज पहिल्यांदा तुझा पाय हातात आला गं. रोज नुसता निसटत असतो.' त्यानंतर डाव्या खांद्याने सुरुवात करून देणं तेवढं सरांनी माझ्याकडे दिलं. बाकीची फेरी त्या दोघींची.

डोक्याचं आणि डोळ्यांचं काम मात्र फ्लायरचंच. एका फेरीने कोणाला चक्कर येत नाही, पण समोर कुठलं ते हरवतं. त्यासाठी समोर, आपल्या डोळ्यांच्या उंचीपेक्षा थोडी वर, एक खूण धरायची. निघताना ती बघायची, वळताना मान ताठ ठेवून डाव्या खांद्यावरून तीच पुन्हा शोधायची. सापडली की थांबायचं. खाली बघायचं नाही. डोकं खाली गेलं की छाती जाते, छाती गेली की कंबर मागे निघते. आमच्या हॉलमध्ये बाहेर जायच्या दाराचा हिरवा दिवा ही माझी खूण होती. सरांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना उलट्या भिंतीकडे तोंड करून उभं केलं. दोन संध्याकाळी सगळ्याच फ्लायर भिरभिरल्या. पण वाशीच्या किंवा कुठल्याही परक्या हॉलमध्ये आपला दिवा नसतो, तेव्हा तिथे गेल्यावर वॉर्म-अपआधी खूण शोधून ठेवायची, ही सवय तेव्हापासून लागली.

हॉलचं म्हणाल तर आमच्यासाठी जागा शोधणं हाच एक वेगळा खेळ आहे. सोसायट्यांचे हॉल स्वस्त पडतात, पण छताला पंखे. बेसने हात सरळ केले की तळहात साडेसहा फुटांच्या आसपास जातात, त्यावर मी, त्यावर माझे हात. तेरा फुटांच्या खाली पंखा असेल तर तिथे फुल-अप नाहीच. खाली गाद्याही हव्यात. स्पर्धेचा पूर्ण मॅट ५४ बाय ४२ फुटांचा, सहा फुटी नऊ पट्ट्यांचा, वर सतरंजीसारखं आवरण चिकटवलेला फोम. आम्ही त्यातल्या दोन-तीन पट्ट्यांवर भागवतो आणि कडेला तायक्वांदोवाल्यांच्या गाद्या जोडतो.

आणि घाम! जून ते ऑक्टोबर खाडीकाठच्या हवेत फ्लायरच्या घोट्याला हात लावून बघा. मेन दर वेळेला टॉवेलने हात पुसते, खडूची पूड लावते. माझ्यासाठी सक्त ताकीद, सरावाच्या दिवशी पायाला खोबरेल किंवा लोशन लावायचं नाही. आजीला हे अजिबात मान्य नाही, पाय फुटतील म्हणते. अंगावर दागिना नको, नखं कापलेली. एकीने नुकतंच नाक टोचलं होतं, चमकी काढली तर भोक बुजेल म्हणून ती काढेना. सरांनी तिला चमकी मुरेपर्यंत महिनाभर आकडे म्हणायला बसवलं. चमकी कापसाने झाकून चालवू म्हणणारेही क्लास असतात. मला सरांचं बरोबर वाटलं, कारण तिच्या नाकापेक्षा तिला झेलणाऱ्यांच्या डोळ्यांची काळजी जास्त.

पडण्याबद्दल बोलणं टाळतात लोक, पण फिरकी शिकायची तर पडणं आधी शिकावं लागतं. फ्लायरने दोन गोष्टी करायच्या नाहीत: जमिनीकडे हात पुढे करायचा नाही, आणि बेसचं डोकं धरायचं नाही. हात पुढे केला तर मनगट किंवा कोपर मोडतं. अंग घट्ट ठेवून टोळीच्या दिशेने खाली यायचं, कारण झेलणारे हात तिथेच आहेत. हंडीच्या सवयीने माझे हात सारखे कोणाचं तरी डोकं शोधायचे. बेसचा नियम साधा: वरची जमिनीला लागता कामा नये, मग तिच्याखाली स्वतः आलं तरी चालेल. मेनच्या कोपरावर खरचटल्याची जी खूण आहे ती माझीच देणगी, आणि ती मला दर भाऊबीजेला ती दाखवून ओवाळणी मागते.

फुल-अप बसल्यावर फिरत खाली येणं, म्हणजे फुल-डाउन. हे वेगळंच प्रकरण. बेस वर ढकलून सोडतात, हवेत कोणाचाच हात नसतो, आणि इथली फेरी खरोखर फ्लायरची. तरी चूक मात्र तीच राहते, घाई. बेसनी ढकललं की सगळ्यांत वरच्या टोकापर्यंत सरळ जायचं. याला आम्ही राइड म्हणतो. तिथे पोचायच्या आत खांदा वळवला तर ढकलण्याचा अर्धा जोर वाया जातो, शिवाय आपण बेसपासून दूर फेकले जातो. टोकावर आलं की डावा खांदा मागे, दोन्ही हात एकदम छातीवर आवळून, पाय जोडलेले, अंगठे ताणलेले. हात आत घेतले की फेरी आपोआप वेगाने होते, हे भौतिकशास्त्रातलं कोनीय संवेगाचं कलम. तेव्हा मी ते घोकून परीक्षेत लिहिलं होतं, कळलं इथे. हात आवळण्याचं दुसरं कारण पुस्तकात नाही: मोकळं कोपर फिरत खाली आलं की पहिलं बेसच्या नाकावर बसतं. साइडचं नाक एकदा तसं सुजलं, आणि त्या दिवसापासून सगळ्या फ्लायर गादीवर लोळण्याच्या सरावाला परत.

फेरी पूर्ण झाल्याशिवाय कमरेत वाकायचं नाही. समोर छत दिसलं, म्हणजे पाठ खाली आली, की मग पाय थोडे वर, हात उघडून दोन्ही बेसच्या खांद्यांवर. बॅकताई काखेखालून धरते. नीट झेलली गेले तर काही लागत नाही, नुसती हवा सुटल्यासारखा आवाज होतो. नाही तर दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये पाठ टेकवता येत नाही.

सध्या आमचं डबल-डाउन सुरू आहे, दोन फेऱ्या. मी दीड फेरीवर अडते. पाव फेरी कमी पडली तर एक वेळ कूस तरी येते. दीडवर थांबलं की पालथं खाली येणं होतं, पोट खाली आणि तोंड जमिनीकडे, आणि तसं झेलणं बेसना फार अवघड. म्हणून सरांनी ते हवेतून काढून घेतलं. आता उंच पेटीवरून जाड गादीवर उडी मारायची, दोन फेऱ्या पुऱ्या करून पाठीवर पडायचं, आणि बॅकताई बाजूला उभी राहून छत दिसलं की नाही ते विचारते. दिसलं असं मी म्हटलं तरी तिला माझ्या टाचा बघून खरं कळतं. टाचा एकमेकींपासून सुटल्या असतील तर ती पुन्हा पेटीवर चढायला सांगते.